दगडी राक्षस आणि आमची सावड

टायपिंगचा सराव संपला की माझ्या क्लासमधली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, तुमी गेम खेळता म्हणं. एकट्यानं खेळायचा बरा का ऑनलाइन बरा?"

मी आखाडा बाळापूरला संगणक शिकवते आणि गेम खेळते हे कधी लपवलेलं नाही. मुलांना एका शब्दात उत्तर हवं असतं, म्हणजे त्यांची आपापसातली पैज मिटते. मला ते एका शब्दात देता येत नाही. दोन्हींनी मला जे दिलं ते वेगवेगळं आहे. ते काय, हे मला हळदीच्या हंगामातल्या एका रविवारी आमच्या गच्चीवर बसून नीट कळलं. त्या दिवशी माझी एक जागा जाणार होती, आणि ती जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

सुरुवात एकट्याच्या गेमपासून करते, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली.

आमचं गाव डोंगरकड्याच्या बाजूचं. मी अकरावीत असताना माझ्या मोठ्या भावाने नांदेडहून एक जुना संगणक आणला. दादा तिथे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. कुठला डबा, कुठला पडदा, कुठला कीबोर्ड असं जुळवून त्याने तो उभा केला होता. त्याची स्वतःची शाळा दहावीनंतर सुटली होती. संगणक पोत्यात गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर धरून तो घरी आला आणि म्हणाला, "हे घे. शिक. खराब झाला तं मला सांग, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको." मी आज जी काही आहे, त्याची सुरुवात त्या पोत्यात आहे.

त्या संगणकात आधीच्या मालकाचा एक गेम राहून गेला होता. भूमिका घेऊन खेळायचा. आपण आपलं पात्र निवडायचं, योद्धा, चोर, मांत्रिक, काहीही. मग त्या पात्राने गावोगाव फिरायचं, लोकांची कामं करायची, लढायचं, हळूहळू बळकट व्हायचं. मी हीलर निवडली. हीलर म्हणजे सोबत्यांच्या जखमा मंत्राने भरून काढणारी. सोबतीही संगणकानेच दिलेले, मी सांगेन तसं वागणारे. घरात नेट नव्हतं, त्यामुळे त्या जगात माझ्याशिवाय माणूस कुणी नव्हतं.

गेममधली सगळी माणसं इंग्रजीत बोलायची. माझं इंग्रजी शाळेतलं, म्हणजे धडा पाठ करण्यापुरतं. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. एका म्हातारीने मला काम सांगितलं, तर तिला माझ्याकडून नेमकं काय हवंय हे समजायला संध्याकाळ जायची. ती म्हातारी मात्र जागची हलायची नाही. मी शब्द शोधेपर्यंत, चहा पिऊन येईपर्यंत, शेळ्यांना पाला टाकून येईपर्यंत ती तशीच उभी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी इंग्रजी बोलणारं माझी वाट बघत होतं. पुढे कॉलेजात सर भराभर बोलायचे आणि मी मागे पडायची, तेव्हा मला त्या म्हातारीची आठवण यायची.

आणि लाइट. लाइट कधीही जायची. गेली की पडदा काळा, आणि शेवटचं सेव्ह केल्यानंतरचं सगळं पुसलेलं. म्हणून मला सवय लागली, चार पावलं चालले की सेव्ह. दार उघडण्याआधी सेव्ह, उघडल्यावर सेव्ह. माय बघायची आणि म्हणायची, "काय टकटक करून राहिलीस? एकदा दाबलं ना ते बटण!" पण लाइट परत आली की जग जिथे ठेवलं होतं तिथेच असायचं. माझ्याशिवाय ते एक पाऊलही पुढे गेलेलं नसायचं. आमच्यासारख्यांना असं जग फारसं भेटत नाही. शाळेतला तास बुडला की बुडला, एसटी गेली की गेली. हा गेम मात्र थांबायचा.

मी तो गेम बीएस्सी होईपर्यंत खेळले. शेवटही गाठला. एक आख्खं राज्य वाचवलं. मग गेममधल्या खाणावळीत गेले, तर खाणावळवाल्याने पहिल्या दिवशी म्हटलेलंच वाक्य म्हटलं. तेव्हा मला हसू आलं आणि थोडं रितंही वाटलं.

ऑनलाइन गेम मी क्लासवर नोकरी लागल्यानंतर सुरू केला. स्वतःचा लॅपटॉप घेतला, घरी वाय-फाय आलं. प्रकार तोच, पात्र तेच, मी पुन्हा हीलर. फरक एवढाच की आता सोबती खरे होते, कानात हेडफोन लावून एकमेकांशी बोलणारे. आमच्या टीमची कप्तान नाशिकची एक मुलगी. नोकरी करणारी, आवाज ठाम, वेळेची पक्की. दुसरा एक नागपूरचा, ज्याला गप्प बसणं माहीतच नाही. बाकीचे दोघं-तिघं कमी बोलायचे. आम्ही कुणी कुणाचं तोंड बघितलेलं नव्हतं. तरी एकदा सर्दीने माझा आवाज बसला होता, तर नागपूरकराने लगेच विचारलं, "काय वो ताई, आज बेडूक गिळला का?" जुन्या गेममध्ये एवढी वर्षं राज्य वाचवलं, पण आवाज बसलाय हे कुणी विचारलं नव्हतं.

पण हे जग थांबत नव्हतं. लाइट गेली की माझं पात्र जागच्या जागी लुळं पडायचं, आणि बाकीचे लढत राहायचे. मी परत येईपर्यंत कुणी मेलेलं असायचं आणि कप्तान म्हणायची, "पुन्हा?" ओरडायची नाही. नुसतं "पुन्हा?" त्याने जास्त लागायचं.

आणि मग ती गुहेची गोष्ट झाली.

टीममध्ये एक पद्धत होती. प्रत्येकाचं एखादं स्वतःचं काम असायचं, तलवार मिळवायची, चिलखत मिळवायचं, आणि ते एकट्याने होण्यासारखं नसायचं. मग आज सगळ्यांनी मिळून ह्याचं करायचं, पुढच्या वेळी तिचं. हे ऐकल्याबरोबर मी मनात म्हटलं, ही तर सावड. आमच्याकडे सावडीने शेतं निघतात. आज आमच्या रानात तुमी, उद्या तुमच्या रानात आमी. मला ह्यात कुणी काही शिकवायची गरज नाही असं मला वाटलं. मी सगळ्यांच्या कामाला गेले, न सांगता, न चुकता.

शेवटी माझी पाळी आली. एका गुहेतून हीलरची काठी आणायची होती. ती मिळाली की माझा मंत्र दुपटीने चालणार होता.

आता सावडीत ज्या घरची पाळी असते, त्या घरची बाई कामाला वाकत नाही. तिचं काम पाणी, चहा, भाकरी, कोरड्यास. लोक आपल्या रानात राबायला आलेत आणि आपणही विळा घेऊन त्यांच्यात घुसलो, त्यांचं खायचं बघितलंच नाही, तर ती घराची नाचक्की. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी ते लहानपणापासून बघितलंय.

त्या गेममध्ये स्वयंपाक करता येतो. जेवलेलं पात्र जास्त वेळ टिकतं. मी आधीचा अख्खा आठवडा कंदमुळं, मासे, मध गोळा करत होते. गुहेच्या तोंडाशी चूल पेटवली आणि सगळ्यांना वाढलं. सगळे खूश. मग ते आत गेले. मी चुलीपाशी राहिले आणि दुसरा घाणा टाकला, कारण आतून दमून येतील, येताच हातात ताट पाहिजे.

थोड्या वेळाने हेडफोनमध्ये आरडाओरडा सुरू झाला.

"हील! हील कर ना! माझं संपत आलंय!"

"हीलर कुठंय?"

"मी बाहेर आहे," मी म्हणाले. "तुम्ही या, वाढूनच ठेवलंय."

 मग एकामागून एक सगळे मेले आणि काठी आतच राहिली. नागपूरकर मरता मरता म्हणाला, "अरे बापा! इथं आमची मयत हाये अन् ताई पंगत बसवून राहिली!"

सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. मी सावड समजावून सांगितली. कप्तानने शांतपणे ऐकून घेतलं. "पद्धत छान आहे गं," ती म्हणाली. "पण गुहेत तुझ्याशिवाय हे काम करणारं दुसरं कुणी नाही. जेवण नसतं तरी आम्ही जगलो असतो. तू नव्हतीस म्हणून मेलो."

ते बरोबर होतं. 

दोन दिवसांनी तिने मला वेगळं गाठून सांगितलं. टीम आता मोठ्या किल्ल्यावर जाणार होती. किल्ल्याच्या दारात एक दगडी राक्षस असतो, त्याला पाडायचं. तिथे हीलरची जागा एकच. दुसरी एक हीलर टीममध्ये यायला तयार होती, शहरातली, नेट कधी न जाणारी. "मला तुला काढायचं नाही," कप्तान म्हणाली. "पण बाकीच्यांचाही वेळ आहे. येत्या रविवारी सकाळी आपण पहिली चढाई करू. तू हील कर. मधेच गेलीस किंवा जमलं नाही, तर जागा तिला. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. "मी येणार. शब्द देते."

 गेममधली एक जागा, तिचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण मला गावातून कुठलीही जागा सहज मिळालेली नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक कमी आणि मुलं जास्त, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी जाऊन दाराशी उभी राहायची. "नेट नाही म्हणून गेली" एवढ्यावर माझी गोष्ट संपावी हे मला पटत नव्हतं. जमत नाही म्हणून गेले तर मान्य. पण आधी जमवायचा प्रयत्न पूर्ण करायचा होता.

म्हणून मी दादाचा जुना संगणक पुन्हा सुरू केला.

जुन्या गेममध्येही एक दगडी राक्षस होता. दोन्ही राक्षस एकसारखे नाहीत, पण दोघांची खोड एक. पाय उचलून आपटायचा, की आसपासच्या सगळ्यांचं बळ एकदम खाली. मला तो राक्षस कधीच नीट जमला नव्हता. मी नशिबाने आणि सेव्ह करून करून त्याला पाडलं होतं. आता मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि स्पेसबार दाबला. पॉज. राक्षसाचा पाय हवेत थांबला.

ही सोय फक्त एकट्याच्या गेममध्ये आहे. मी थांबलेल्या पडद्याकडे शेतातल्या पिकाकडे बघावं तशी बघत बसायची. कुणाचं बळ किती आहे, कोण पायाखाली आहे, कोण लांब आहे. मग एक पाऊल पुढे, पुन्हा पॉज. अशा रीतीने रोज संध्याकाळी, क्लासवरून आल्यावर. माझी चूक कुठे होती हे मला तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी दिसलं. मी नेहमी पडलेल्याकडे धावायची. पाय खाली आल्यावर. तोवर उशीर झालेला असायचा. बघायचं होतं ते पाय वर असताना, आता कोण पडणार ते. मंत्र त्याच्यावर आधीच टाकायचा.

हळूहळू मी पॉज कमी केला. शनिवारी संध्याकाळी मी स्पेसबारला हात न लावता त्याला पाडलं.

हात धुवून मागच्या दारी आले, तर बाबा सांगत होते, "कुकर उद्याच येऊन राहिला. सकाळी."

कुकर म्हणजे हळद शिजवायचं यंत्र. हंगामात ते या रानातून त्या रानात फिरतं आणि त्याच्या पाळीनेच सगळ्यांची शिजवणी होते. आमची पाळी सोमवारी होती. मधल्या एका घरची हळद अजून निघाली नव्हती, म्हणून आमचा नंबर आधी लागला. आणि कुकर आला म्हणजे सावडीची माणसं आली. माणसं आली म्हणजे घरच्या बाईने, म्हणजे मी आणि मायने, भाकरी टाकायच्या.

रविवार सकाळ. तीच वेळ.

मी मायला सांगितलं. गेम म्हटलं असतं तर ती हसली असती, पण मी तिला खोटंही सांगणार नव्हते. "माय, उद्या सकाळी माझे लोक येणार आहेत. लॅपटॉपवर. सगळे वेगवेगळ्या गावचे. मी नसले की त्यांचं काम अडतं."

"कशाचं काम?"

"राक्षस पाडायचाय."

मायने हातातलं सूप खाली ठेवलं. "तुझं लगन जुळवायचे दिवस, अन् तू राक्षस पाडून राहिलीस."

"व्हय."

"पैसे देतेत का?"

"न्हाई."

"मग काहून जातीस?"

"माझ्या कामाला ते आले होते. आता सगळ्यांचं मिळून काम हाये. अन् मी येते म्हणून सांगितलंय."

ती थोडा वेळ सुपातले गहू बोटाने सारखे करत राहिली. "म्हंजे सावडच की," ती म्हणाली. "येते म्हणलीस ना? मग जा. भाकरी मी टाकते. तुझ्या काकूला बोलावते हाताखाली. पण काम झालं की सरळ रानात यायचं. लोक विचारतीन, पोरगी कुठं हाये म्हणून."

"काय सांगशील?"

"सांगीन, दुसऱ्याच्या रानात गेली."

सकाळी सगळे शेतात गेल्यावर मी गच्चीवर गेले. वाय-फायवर भरवसा नव्हता, लाइट गेली की तेही जातं. म्हणून टाकीच्या सावलीत बसले, तिथे मोबाइलला रेंज सगळ्यात बरी येते. लॅपटॉप रात्रीच चार्ज करून ठेवला होता. हॉटस्पॉट चालू केला. रानाच्या बाजूने हळद शिजल्याचा वास येत होता, वाफ झाडांच्या वर दिसत होती.

"ताई, आज मेनू काय?" नागपूरकराने सुरुवात केली.

"आज उपास," मी म्हणाले. सगळे हसले. कप्तानही.

किल्ल्याचं दार उघडलं. राक्षस उभा राहिला. जुन्या राक्षसापेक्षा मोठा आणि चपळ. इथे स्पेसबारने काही थांबणार नव्हतं. पहिल्यांदा पाय वर गेला, तेव्हा माझे डोळे जिथे बघायची सवय लागली होती तिथेच गेले. नागपूरकर पायाखाली होता. मी मंत्र टाकला. पाय खाली आला. तो जगला.

"अरे! जिवंत हाव ना मी!"

"बोलू नको, मार," कप्तान म्हणाली.

पुढचं सगळं मला सलग आठवत नाही. पाय वर, बघ, मंत्र. मध्येच खालून पंख्याचा आवाज बंद झाला. लाइट गेली होती. लॅपटॉप चालू होता, हॉटस्पॉट चालू होता. एकदा चित्र अडखळलं, सगळे पुतळ्यासारखे थांबले. मग पुन्हा हलले. मी अजून आतच होते.

राक्षसाचं बळ उतरत उतरत अगदी शेवटच्या रेघेवर आलं. तिथे आमच्यातल्या एकाची चाल चुकली, राक्षस वळला, आणि एका फटक्यात आम्ही सगळे जमिनीवर. मी शेवटची पडले.

 मी वाट बघत राहिले. जुन्या गेममध्ये अशा वेळी मी सेव्ह उघडून लगेच पुन्हा सुरू केलं असतं. इथे सुरू करायचं की नाही, आणि कुणी करायचं, हे माझ्या हातात नव्हतं.

"पहिल्या चढाईत एवढं खाली कुणीच आणत नाही," कप्तान शेवटी म्हणाली. मग, "हीलर?"

"हो?"

"पुढच्या रविवारी हीच वेळ, हीच टीम. त्या दुसऱ्या मुलीला मी जागा भरली म्हणून कळवते. तू येशील ना?"

"येते," मी म्हणाले. 

लॅपटॉप बंद केला, चपला घातल्या आणि रानात गेले. लोक कुकरभोवती उभे होते. शिजलेली हळद पसरायला काढली होती आणि सगळ्यांचे हात पिवळे झाले होते. माय बांधावर भाकरी वाढत होती. तिने मला बघितलं.

"झालं का तुमचं?"

"न्हाई. थोडक्यात राहिला. पुढच्या रविवारी परत जायचंय."

"राहिला तं हसून काहून राहिलीस?"

"परत बोलावलंय मला."

मायने मान डोलावली, जसं काही ह्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच, आणि पाण्याची घागर माझ्याकडे सरकवली. काकू म्हणाली, "आली का दुसऱ्याच्या रानातून?" मी घागर उचलली, कमरेवर घेतली आणि पहिल्या माणसापासून पाणी द्यायला सुरुवात केली. इथे आमची पाळी होती, आणि इथे माझं काम हेच होतं.

क्लासमधल्या मुलांना मी अजूनही एका शब्दात उत्तर देत नाही. एवढंच सांगते की माझ्याकडे दोन्ही संगणक आहेत. दादाचा जुना संगणक अजून चालतो. तो बंद पडला की दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, दादालाच फोन करते.